पिस्तुलाचं काडतूस, रायफलीचा दस्ता : पीसीसी घरात ठेवण्याजोगी आहे का?

सांगलीकर_ऑस्टिन

मागच्या शनिवारी माझ्या बायकोने पंचवीस यार्डांवरच्या कागदावर दहा गोळ्या एका बशीएवढ्या जागेत लावल्या. काडतूस तेच, ९ मिमी, जे गेली दोन वर्षं ती पिस्तुलातून उडवत होती. पिस्तुलातून त्याच अंतरावर दहातल्या चार-पाच कागदाला लागायच्या, त्याही चहूकडे विखुरलेल्या. दर वेळी पंधरा-वीस गोळ्या झाल्या की ती पिस्तूल खाली ठेवायची आणि "आता तू मार" म्हणायची. शनिवारी मात्र शंभर गोळ्यांची पेटी संपली तरी ती जागची हलेना. तेव्हाच ठरवलं की यावर इथे सविस्तर लिहायचं.

ती बंदूक होती रुगरची पीसी कार्बाइन, एका मित्राची. पीसीसी (पिस्तूल कॅलिबर कार्बाइन) म्हणजे पिस्तुलाचं काडतूस वापरणारी पण खांद्याला लावायची बंदूक. पिस्तूल हवेत तोललेलं असतं, आधार फक्त दोन तळव्यांचा. इथे दस्ता खांद्यात रुततो, गाल दस्त्यावर टेकतो, एक हात पुढे नळीखाली आणि एक चापाशी. एवढ्या आधारांवर नेम धरला की चाप ओढताना बोट थोडं चुकलं तरी ती चूक कागदापर्यंत फारशी पोचत नाही. पिस्तुलात पोचते, आणि दामदुप्पट होऊन पोचते.

ही कल्पना नवी नाही. १८७३ची विंचेस्टर .४४-४० काडतूस खायची, आणि १८७८ पासून कोल्टने त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं. घोड्यावरून रानोमाळ फिरणाऱ्या माणसाला कमरेला एकच पट्टा पुरायचा, त्यातली गोळी दोन्हींत चालायची. आजचा पट्टा म्हणजे मॅगझिन. रुगरच्या या कार्बाइनमध्ये मॅगझिन बसतं ती खाच बदलता येते, त्यामुळे ग्लॉक पिस्तुलाची मॅगझिनं तिला थेट लागतात. केल-टेकची सब-२००० तर मधोमध दुमडते, वजन दोन किलोच्याही आत, आणि तीही ग्लॉकच्या मॅगझिनवर चालणारी मिळते. आमच्याकडे ग्लॉक आधीपासून आहे, म्हणून हा मुद्दा मला मोलाचा वाटतो.

दुसरा मुद्दा पैशाचा. मला ९ मिमीचं काडतूस पाव डॉलरच्या आसपास पडतं, ५.५६ मिमीचं, म्हणजे रायफलीचं, त्याच्या जवळजवळ दुप्पट. महिन्याला दोनशे गोळ्या मारायच्या असतील तर हा फरक वर्षाअखेर चांगलाच जाणवतो. शिवाय आमच्या जवळच्या बंदिस्त रेंजवर रायफलीची काडतुसं चालत नाहीत, पिस्तुलाची चालतात. म्हणजे उन्हाळ्यात, पारा ४० अंशांवर असताना, वातानुकूलित जागेत खांद्यावरच्या बंदुकीचा सराव करायचा तर हीच वाट.

आता ज्याबद्दल मला खरंच शंका आहे ते. १६ इंची नळीतून ९ मिमीच्या ११५ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीला सेकंदाला साधारण १३०० फूट वेग मिळतो. पिस्तुलातून तो ११५० च्या आसपास असतो. म्हणजे चौपट लांब नळी देऊन कमाई दीडशे फुटांची. त्या काडतुसात दारूच थोडी, ती दहा-बारा इंचांत जळून संपते, पुढची नळी गोळीला नुसती वाट देते. १४७ ग्रेनच्या जड गोळीला तर याहूनही कमी फायदा. मग ही १६ इंच नळी कशाला? तर कायद्याला. अमेरिकेच्या १९३४च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टनुसार खांद्याला लावायच्या रायफलीची नळी १६ इंचांपेक्षा आखूड असेल तर तिची सरकारदरबारी वेगळी नोंदणी लागते. त्यावरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झालाय, नोंदणी आणि वाट पाहणं मात्र आहेच.

तर प्रश्न असा : घरात दोन माणसं, एकाला पिस्तूल बरं जमतं, दुसरीला जमत नाही. पीसीसी घ्यावी, की थेट एआर-१५, म्हणजे ५.५६ची रायफल? ज्यांनी दोन्ही वापरल्यात त्यांनी मोकळेपणाने लिहा.

---

वाळूचा_किल्ला

दादा, वहिनींचं आधी अभिनंदन. पण मी एआरच्या बाजूने बोलणार.

तुम्हीच दिलेल्या आकड्यांवरून हिशोब करा. कार्बाइनमधून निघालेल्या ९ मिमीची ऊर्जा साधारण ४३० फूट-पाउंड. १६ इंची एआरमधून ५५ ग्रेनची गोळी ३२०० फुटांनी निघाली तर साडेबाराशे. म्हणजे जवळजवळ तिप्पट. आणि वजनात फरक किती? रुगरची ती कार्बाइन तीन किलोच्या थोडी वरच आहे, माझी एआरही तेवढ्यातच बसते. तेवढंच ओझं उचलून एक तृतीयांश काम का घ्यायचं?

पोलिसांनी हा धडा रक्त सांडून शिकला. २८ फेब्रुवारी १९९७ ला लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूडमध्ये बँक लुटून बाहेर आलेल्या दोघांनी अंगभर चिलखत घातलं होतं आणि हातात स्वयंचलित रायफली होत्या. पोलिसांकडे ९ मिमी पिस्तुलं, .३८ ची रिव्हॉल्व्हरं आणि शॉटगन. गोळ्या लागत होत्या, पण आत शिरत नव्हत्या. शेवटी अधिकाऱ्यांनी जवळच्या बंदुकीच्या दुकानातून रायफली मागून आणल्या. त्यानंतर गस्तीच्या गाड्यांत रायफल ठेवण्याची पद्धत देशभर वाढत गेली.

आणखी एक गैरसमज इथे हमखास येईल म्हणून आधीच लिहितो. "पिस्तुलाची गोळी भिंतीतून कमी जाते, शेजाऱ्याला धोका कमी." इथल्या घरांच्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे. ९ मिमीची जड, हळू गोळी अशा तीन-चार भिंती सरळ पार करते. ५.५६ची हलकी गोळी एक-दोन भिंतींतच डगमगते, आडवी होते, बऱ्याचदा फुटते. सुरक्षित दोन्ही नाहीत. पण पीसीसी या बाबतीत जास्त सुरक्षित आहे हे म्हणणं चुकीचं आहे.

---

सांगलीकर_ऑस्टिन

भिंतीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मीही याच गैरसमजात होतो. आमच्या मुलाची खोली पॅसेजच्या अगदी टोकाला आहे. तुमचं वाचून मी काल रात्री घराचा नकाशा कागदावर काढला आणि कुठल्या दिशेला कधीच नळी वळवायची नाही ते लाल पेनाने आखलं. बायकोला शेजारी बसवून दाखवलं.

ऊर्जेबद्दल मात्र माझं म्हणणं थोडं वेगळं. बंद पॅसेजमध्ये कानाला संरक्षण नसताना १६ इंची एआर वाजली तर आवाज साधारण १६० डेसिबलच्या वर जातो. १४० च्या वर कानाला कायमची इजा होऊ शकते. ९ मिमीही त्या रेषेच्या वरच आहे, पण लांब नळीत दारू आतच जळून गेल्याने तोंडाशी झोत आणि भडका खूपच कमी. बायकोने एआरही मारून पाहिली. तिसऱ्या गोळीपासून ती आवाजाला दचकून डोळे मिटत होती. तिप्पट ऊर्जा असलेली गोळी डोळे मिटून मारली तर ती कुठे जाईल?

---

जुना_शिलेदार

मी महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त झालो. बंदुकांच्या धाग्यावर सहसा लिहीत नाही, पण "कार्बाइन" हा शब्द वाचला आणि हात राहवेना.

तुम्ही जिला पीसीसी म्हणता तिची आई आम्ही वर्षानुवर्षं खांद्याला अडकवली. ९ मिमी १ए१ कार्बाइन, म्हणजे ब्रिटिश स्टर्लिंगच, कानपूरला बनलेली. डाव्या बाजूला आडवं निघालेलं वाकडं मॅगझिन, ३४ गोळ्यांचं, दुमडणारी लोखंडी बट. लोक तिलाही सरसकट स्टेनगनच म्हणायचे. सिनेमात आणि वर्तमानपत्रातही स्टेनगनच. स्टेन वेगळी, दुसऱ्या महायुद्धातली, पण घराणं एकच म्हणायला हरकत नाही.

तुमच्या मिसेसनी बशीएवढ्या जागेत दहा गोळ्या लावल्या ते वाचून मला आमचा वार्षिक गोळीबाराचा सराव आठवला. आमच्या कार्बाइनने असं क्वचितच जमायचं, आणि दोष आमचा कमी, यंत्राचा जास्त. तिचा बोल्ट मागे उघडा राहतो. चाप ओढला की तो अर्धा-पाऊण किलोचा लोखंडी दांडा पुढे धावतो, गोळी उचलतो, नळीत ढकलतो आणि त्याच झटक्यात ती उडते. म्हणजे तुम्ही नेम धरलेला असताना, गोळी सुटायच्या आधीच हातातली बंदूक पुढे हिसका खाते. उस्तादांचं एकच सांगणं : "चाप ओढल्यावर श्वास सोडायचा नाही, माशी हलली तरी डोळा हलवायचा नाही." काही जणांना ते साधायचं.

उघड्या बोल्टचा दुसरा धोका म्हणजे आपटणं. स्टेन याच गोष्टीसाठी जगभर बदनाम होती. भरलेली असताना बट जोरात जमिनीवर आपटली की बोल्ट सुटून गोळी उडायची. आम्हाला सक्त ताकीद होती की बंदोबस्ताला ट्रकमधून उतरताना मॅगझिन काढूनच उतरायचं. एकदा भर पावसात एक पोरगा घसरून पडला. मॅगझिन कमरेच्या थैलीत होतं. तो उठला, कोणी काही बोललं नाही, पण त्या रात्री जेवताना आम्ही सगळे त्याच्याजवळ बसलो.

तुमच्याकडच्या या नव्या बंदुका बंद बोल्टच्या असतील, हो ना? मग नेम लागण्याचं अर्धं श्रेय त्याला द्या.

---

सांगलीकर_ऑस्टिन

काका, तुमचा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. हो, सगळ्या बंद बोल्टच्या. इथे १९८२ पासून नव्याने बनलेल्या उघड्या बोल्टच्या अर्धस्वयंचलित बंदुका कायद्याने मशीनगनमध्ये धरतात, कारण त्या थोड्या फेरफाराने पूर्ण स्वयंचलित करता येतात. त्यामुळे बाजारात बंद बोल्टच. गोळी नळीत आधीच बसलेली, चाप ओढल्यावर फक्त हातोडी पडते.

---

पाषाणकर

पुण्यातून लिहितोय. शिलेदार काकांच्या कार्बाइनचं पुढे काय झालं तेही या धाग्यावर असावं, कारण प्रश्न तोच आहे : पिस्तुलाचं काडतूस पुरेसं की नाही?

आमच्या पाषाणच्या एआरडीईत, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रसंशोधन संस्थेत, यावर बरीच वर्षं काम झालंय. आधी ५.५६×३० मिमी हे खास वेगळं काडतूस घेऊन जेव्हीपीसी कार्बाइन झाली. पिस्तुलापेक्षा जोरकस, रायफलीपेक्षा आखूड. मग जानेवारी २०२१ मध्ये 'अस्मी' जाहीर झाली. ही पुन्हा ९ मिमीवर आलेली, ८ इंची नळी, ३३ गोळ्यांचं मॅगझिन, वजन दोन किलोच्या आत. एआरडीई आणि महूच्या इन्फंट्री स्कूलने मिळून चार महिन्यांत केली, आणि त्यात लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचा मोठा वाटा. नाव 'अस्मिता'वरून घेतलेलं. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

पण सैन्याने जुन्या ९ मिमी कार्बाइनच्या जागी जी मोठी खरेदी काढली, सव्वाचार लाख नगांची, ती ५.५६×४५ च्या कार्बाइनची. कारण वाळूचा_किल्ला यांनी सांगितलेलंच : समोरच्याच्या अंगावर आता चिलखत असतं. म्हणजे अस्मीसारखी ९ मिमी रणगाड्याच्या चालकाला, कमांडरला, अगदी जवळच्या कामाला. आणि पायदळाच्या हातात रायफलीचं काडतूस. एकाच देशाने एकाच दशकात दोन्ही उत्तरं दिली आहेत, आणि मला दोन्ही बरोबर वाटतात.

---

कोल्हापुरी_रांगडा

आपल्याकडे अशी बंदूक लायसनवर मिळेल काय? आमच्याकडे शेतात रानडुकरांचा लई त्रास हाय.

---

पाषाणकर

नाही हो. ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) आहे आणि अर्धस्वयंचलित रायफलही प्रतिबंधित गटात येते. शस्त्र नियम २०१६ वाचा. सामान्य परवान्यावर १२ बोअर किंवा .३१५ ची बोल्टची रायफल मिळते, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं. डुकरांसाठी आधी वनविभागाकडे अर्ज करा, परस्पर गोळी घालू नका. नेमबाजी शिकायची असेल तर कोल्हापूरइतकी चांगली जागा नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य आणलं ते .२२ च्या रायफलीवर.

---

ऋतुजा_एनजे

दादा, मी बंदूकवाली नाही. माझा नवरा आहे. दोन गोष्टी लिहिते आणि त्या मनावर घ्या.

पहिली कायद्याची. इथे बरेच मराठी लोक एच-१बीवर आहेत. बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्याला संघीय कायद्याने बंदूक विकत घेता येत नाही आणि जवळही ठेवता येत नाही. शिकारीचा वैध परवाना वगैरे काही मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. ग्रीन कार्डवाल्याला चालतं. आई-बाबा भेटायला आले की त्यांना हौसेने रेंजवर नेऊन हातात बंदूक देणारे लोक मी पाहिलेत. हातात देणं हाही ताबाच मानला जाऊ शकतो. एका फोटोपायी कोणाचा व्हिसा अडकवू नका. आणि राज्याराज्यांत फरक आहे. टेक्सासमध्ये चालणारी तुमची ती ग्लॉकची मोठी मॅगझिनं आमच्या न्यू जर्सीत दहाच गोळ्यांची लागतात. गाडीत टाकून आमच्याकडे येऊ नका.

दुसरी गोष्ट मुलाची. तुम्ही नकाशा काढलात ते वाचून बरं वाटलं. पण पीसीसीचं एक कोणी लिहीत नाही. पिस्तूल बोटांच्या ठशाने उघडणाऱ्या छोट्या पेटीत मावतं, पलंगाशेजारी राहतं. तीन फुटांची कार्बाइन त्यात मावत नाही. मग लोक काय करतात? कपाटात, कपड्यांच्या मागे. आमच्या ओळखीच्या एका घरात सात वर्षांच्या मुलाने तशीच एक बाहेर काढली होती. मॅगझिन वेगळं होतं म्हणून निभावलं. बंदूक घ्यायच्या आधी उभी तिजोरी घ्या, भिंतीला बोल्टने जखडलेली. तिचे पैसे धरून मगच "स्वस्त काडतूस" म्हणा.

---

सांगलीकर_ऑस्टिन

ऋतुजाताई, तिजोरी कालच मागवली. खरंच आभार. दुमडणारी सब-२००० पेटीत मावेल असा माझा विचार होता, पण तिच्यावर गाल टेकायला फक्त एक बारीक नळी आहे, आणि बायकोच्या गालाला ती चार गोळ्यांतच टोचली. ती बाद.

---

नेमबाज७२

मी गेली काही वर्षं पीसीसीवर स्पर्धा खेळतो. यूएसपीएसए या अमेरिकेतल्या नेमबाजी संघटनेने २०१६ मध्ये हा गट सुरू केला, नंतर आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही. तर थोडं हाताळणीबद्दल.

एक, धक्का. लोकांना वाटतं ९ मिमी आहे म्हणजे धक्का नसणारच. बहुतेक स्वस्त पीसीसी साध्या ब्लोबॅकच्या असतात. नळीला बोल्ट कुलूप लावत नाही, फक्त स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने थांबून राहतो. म्हणून बोल्ट जड लागतो, आणि तो जड गोळा मागे जाऊन आपटला की खांद्याला ठोसा बसतो. काही ब्लोबॅक ९ मिमी मला एआरपेक्षा जास्त लागल्यात. रुगरने बोल्टमध्ये टंगस्टनचं सरकतं वजन घालून हा ठोसा मवाळ केलाय, म्हणून वहिनींना ती आवडली असणार. एमपी५मध्ये रोलर असतात, सिगच्या एमपीएक्समध्ये वायूवर फिरणारा बोल्ट. त्या मऊ चालतात, पण खिसा रिकामा करतात. मनगट कमजोर असेल त्यांच्यासाठी : ब्लोबॅकचा बोल्ट मागे ओढणंही सोपं नाही. फरक इतकाच की पिस्तुलाची स्लाइड चिमटीत धरून ओढावी लागते, इथे मूठ भरून अख्ख्या हाताने ओढता येतं.

दोन, आणि हे फार महत्त्वाचं. रेड डॉट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच, नळीपासून दोन-अडीच इंच वर बसतो. पन्नास यार्डांवर नेम जुळवलात तर पाच यार्डांवर, म्हणजे घरातल्या खोलीच्या अंतरावर, गोळी ठिपक्याच्या दोन इंच खाली लागते. शंभर यार्डांवर पाच-सहा इंच खाली, आणि दोनशेवर तीन-चार फूट. दोनशेचं सोडा, ते हिचं कामच नाही. पण पाच यार्डांचे दोन इंच हाताला सवयीचे हवेत. दाराच्या चौकटीआडून किंवा गाडीच्या बॉनेटवरून नेम धरला तर ठिपका मोकळा दिसतो आणि गोळी चौकटीत घुसते. मी स्वतः एका सामन्यात लाकडी अडथळ्याची वरची फळी अशीच फोडली. पंचांनी थांबवलं, तो टप्पा शून्य झाला.

तीन, गोळी. आत्मसंरक्षणाची हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेली, लागल्यावर फुलणारी गोळी) पिस्तुलाच्या वेगासाठी घडवलेली असते. कार्बाइनच्या वाढीव वेगाने ती लवकर फुलून उथळ थांबू शकते. १२४ किंवा १४७ ग्रेनची घ्या, आणि तुमच्याच नळीतून पन्नास-शंभर तरी चालवून पाहा की मॅगझिनमधून नीट चढते का. .३५७ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या लिव्हर कार्बाइनची (हाताने तरफ ओढून गोळी चढवायची) गोष्ट निराळी, तिथे लांब नळी चारशे-पाचशे फुटांची भर घालते. नळीचा खरा मोबदला तिथे मिळतो.

---

वाळूचा_किल्ला

.३५७ च्या लिव्हरला माझंही मत. आणि दादा, डोळे मिटण्याबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर दोन दिवस विचार केला. माझ्या आईला मी एआर शिकवायला घेतली होती. तिने दोनदा मारली आणि परत कधी रेंजवर आली नाही. ती चूक माझी होती, आधी .२२ द्यायला हवी होती.

---

जुना_शिलेदार

साफसफाईचं कोणी लिहिलं नाही. ब्लोबॅक घाण करते. आम्ही सरावाहून आलो की आधी चहा नाही, आधी फुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंधी. चिंधी पांढरी निघेपर्यंत नळी, मग बोल्टचं तोंड. बोल्टच्या तोंडाशी काजळी साचली की काडतूस नीट काढलं जात नाही आणि नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या फैरीला अडकते.

---

सांगलीकर_ऑस्टिन

आज परत रेंजवर जाऊन आलो. नेमबाज७२ यांनी सांगितलं तसं पाच यार्डांवर कागद लावला, त्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन काढला आणि बायकोला म्हटलं ठिपका बरोबर त्यात ठेव. पाचही गोळ्या चौकोनाच्या खाली, एकमेकींना चिकटून, पट्टीने मोजलं तर दोन इंचांना किंचित कमी. मग तिने स्वतःहून ठिपका वर धरला आणि सहावी चौकोनात गेली. तिने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

घरी आल्यावर बोल्ट उघडला. काका, तुम्ही म्हणता तशीच काजळी, तव्याच्या बुडासारखी. जुन्या बनियनची चिंधी केली आणि दोघं मिळून बसलो. तिजोरी गुरुवारी येतेय. ती भिंतीला लागली की शनिवारी दुकानात जाऊन रुगर घेणार, नळीच्या तोंडाला सायलेन्सरसाठी आटे असलेली की नसलेली एवढंच ठरायचंय. सायलेन्सर लावलेल्यांनी सांगा : ब्लोबॅकमध्ये धूर तोंडावर किती येतो? बायकोला चष्मा आहे.